थोरल्याचं वय

बनुबाईला हिशेबाची भीती कधीच वाटली नव्हती. रहिमतपूरजवळच्या तिच्या गावात शाळा होती ती देवळात. तिथं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी असे सगळे पाढे तिनं मास्तरांच्या छडीविना पाठ केले होते. त्यामुळं सांगलीच्या दवाखान्यात शिकाऊ नर्सांच्या वर्गात औषधाच्या मात्रांचे हिशेब सुरू झाले, तेव्हा बाकीच्या पोरी पाटीकडं बघून घाबऱ्याघुबऱ्या झाल्या आणि बनू मात्र पहिल्यांदाच जरा ताठ बसली. वर्षभरात तिला कशाचंच बरं वाटलं नव्हतं. ह्याचं वाटलं.

नवरा मानसिंग ब्रह्मदेशच्या लढाईत गेला होता. तार आली, पेन्शनीचे कागद आले, कपाळ पांढरं झालं. सासू मनुबाई दिवसभर भिंतीशी बसून असायची, आणि सुनेकडं बघितलं की पदर तोंडावर घ्यायची. दीर कृष्णात पलटणीतून रजेवर आला तेव्हा त्यानं हे बघितलं. छातीला गोळी चाटून गेल्यावर तो इस्पितळात पडून होता, तिथल्या नर्सबाया त्यानं पाहिल्या होत्या. "वयनी, हितं बसून कुजशीला. तुमी शिकल्याल्या हायसा. चला," म्हणाला आणि स्वतः आणून सांगलीला सोडून गेला.

शिकवायला एस्तरबाई होत्या. उंच, सावळ्या, केस पिकलेल्या. मिशनच्या शाळेत वाढलेल्या. त्या फळ्यावर खडूनं लिहीत आणि एकेक वाक्य दोनदा म्हणत.

"पोर म्हणजे लहान माणूस नव्हे. पण औषधापुरतं आपल्याला तसं धरावं लागतं. मोठ्याला जेवढं द्यायचं, त्याचा हिस्सा काढायचा. पोराचं वय घ्या, त्यात बारा मिळवा. आलेल्या बेरजेनं वयाला भागा. तेवढा हिस्सा पोराचा. यंगचा नियम म्हणतात ह्याला."

मग त्या पोरींना एकेक वय देत. सहा वर्षांचं पोर? सहात बारा मिळवले, अठरा. अठरात सहा म्हणजे तिसरा हिस्सा. बाकीच्या बोटं मोजीत असत तोवर बनू उत्तर सांगून मोकळी होई. एस्तरबाई हसत नसत, पण मान हलवत. तेवढ्यावर बनूचा दिवस जाई.

त्या साली पूर्वेकडं पाऊस झालाच नाही. जत, आटपाडीच्या अंगानं माणसं येत. कुणी कामाला, कुणी मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या चाऱ्याला. त्यांच्याबरोबर आव आणि हगवण आली. पोरांचा वॉर्ड भरून वाहत होता. सहा-सात वर्षांची पोरं तीन-चार वर्षांच्या पोरांएवढी दिसायची. हाडं, पोट आणि डोळे. आधी बनूला त्यांच्याकडं बघवत नसे. मग सवय झाली. वाईट झालं ते ह्या सवयीनंच, असं तिला पुढं कितीदा तरी वाटलं.

हरणाबाई आली ती सकाळची. धनगराची बाई, तिशीच्या आतली, पण उन्हानं तोंड करपून गेलेलं. काखेत घोंगडीत गुंडाळलेलं पोरगं. पोरगं रक्त-आवेनं इतकं सुकलं होतं की त्याला रडायलाही येत नव्हतं. बनूनं त्याला खाटेवर घेतलं आणि एस्तरबाई विचारू लागल्या.

"नाव?"

"आर्जुना."

"वय?"

"आठ," हरणाबाई झटकन म्हणाली. शाळेत मास्तरांनी विचारल्यावर पोर म्हणतं तशी.

बनूनं पोराच्या पायाकडं बघितलं. तिच्या मनगटाएवढी मांडी होती.

"आठ?"

"व्हय बाई, आठ. लय वाळलाय वो. आदी असा नव्हता."

एस्तरबाईंनी लिहून घेतलं. त्या वॉर्डात वयाला शोभेल असं एकही पोर नव्हतं. मग ह्याच एकाबद्दल कुणी का थबकावं?

डॉक्टर गुळवणी आले. त्यांनी पोट दाबून पाहिलं, आव काचेखाली पाहिली आणि एमेटीन द्यायचं ठरवलं. "मोठ्याला रोज एक ग्रेन. ह्याची मात्रा काढ," ते बनूला म्हणाले. डॉक्टर शिकाऊ पोरींना असं अधूनमधून विचारत. "आणि नीट ऐक. हे औषध आव मारतं, पण हृदयाला जड. अंगात साठत जातं. नाडी बघत राहा, पोराला पडूनच ठेवा."

बनूनं मनातल्या मनात काढलं. आठात बारा मिळवले, वीस. विसात आठ. ग्रेनभराची गोळी उकळलेल्या पाण्यात विरघळवायची, पिचकारीवरच्या बारीक रेघांच्या मापानं पाणी बरोबर वीस मिनिम घ्यायचं, आणि त्यातलं आठ मिनिम टोचायचं. उत्तर इतकं सरळ, बिनबाकीचं आलं की तिला आतून बरं वाटलं.

"आठ मिनिम," ती म्हणाली.

एस्तरबाईंनी कागदावर ताळा केला. "बरोबर."

पहिली सुई बनूनंच दिली. पोरगं जरासं कण्हलं.

पोरगं मोठं विचित्र होतं. हाक मारली की बघायचं नाही. "अर्जुना, पेज घे." भिंतीकडं तोंड. "अर्जुना, हात दे." काही नाही. डॉक्टर म्हणाले, कानानं कमी असेल. एस्तरबाई म्हणाल्या, तापानं गुंगलंय. आई मात्र त्याला नावानं हाक मारीतच नसे. "माज्या लेकरा," नाही तर "सोन्या," एवढंच.

पेज भरवताना एकदा बनूनं त्याच्या तोंडात बघितलं. तांदळाच्या कण्यांसारखे बारके दात, सगळे जागच्या जागी. तिच्या थोरल्या भावाच्या पोराचे पुढचे दात सातव्या वर्षी पडलेले तिला आठवत होते. तो फट दाखवीत गावभर हिंडला होता. तिनं एस्तरबाईंना विचारलं.

"उपाशी पोरांचे दात उशिरा पडतात," एस्तरबाई म्हणाल्या. दुसऱ्या खाटेवरचं पोर ओकत होतं, त्या तिकडं वळल्या.

ते खोटं नव्हतं. पडतात उशिरा. बनू पुन्हा पेज भरवू लागली.

चौथ्या दिवशी रक्त थांबलं. हरणाबाईनं फडकं दोन्ही हातांवर पसरून सगळ्या वॉर्डाला दाखवलं, जसं काही नवं लुगडं दाखवते आहे. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या म्हातारीनं पोरावरून बोटं मोडली. बनूलाही हसू आलं. फक्त नाडी तिला आवडली नाही. बोटाखाली ती पाखरासारखी फडफडत होती, बारीक आणि घाईची. तिनं सांगितलं. एस्तरबाईंनीही हात धरून पाहिलं आणि अशक्तपणा आहे म्हणाल्या. पाचव्या सकाळी बनूनं नेहमीची सुई दिली.

त्यानंतर ती ओल्या फडक्यानं पोराचं तोंड पुसत होती. पोराचे डोळे आता चांगले उघडे होते, काळे, टपोरे.

"अर्जुना, जीभ दाखव बघू."

पोरगं तिच्याकडं बघत राहिलं.

"अर्जुना, ऐकू येतं न्हवं तुला?"

"आर्जुना न्हाई," पोरगं म्हणालं. स्वच्छ आवाजात.

"मग कोण?"

"धुळा."

बनू हसली. पोरं आजारपणात काहीही बोलतात. "मग अर्जुना कोण रं?"

"दादा." पोरानं थोडा विचार केला. "दादा मेला. त्याला खड्ड्यात ठिवला."

बनूच्या हातातलं फडकं तिथंच राहिलं.

हरणाबाई वॉर्डामागच्या नळावर पोराची फडकी धूत होती. बनू तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. काय विचारायचं ते तिला नीट जमलं नाही, ती एवढंच म्हणाली, "अक्का, धुळा कोण?"

हरणाबाईच्या हातातलं फडकं पाण्यात पडलं. तिनं आजूबाजूला बघितलं, मग ओले हात तसेच बनूच्या पायाला लावले.

"बाई, दुष्काळी कामावरच्या शिधावाल्याला सांगू नगासा. तुमच्या पाया पडते. थोरला गेला दिवाळीच्या आदी, ह्याच रोगानं. त्याचं नाव तसंच ठिवलं. मोठ्या पोराला पुरा शिधा मिळतोय, बारक्याला अर्दा. थोरल्याचं नाव काडलं आसतं तर पुरा शिधा गेला आसता. मग हेनी म्हनलं, धुळ्यालाच आर्जुना म्हनायचं. कुनी बी इचारलं तर आठ सांगायचं."

"पण हितं का सांगितलंसा? हितं कोण शिधा देतंय?"

"हितं बी लिवत्यातच की बाई. तिकडं आठ आन हितं येगळंच लिवलं तर धरत्याल आमाला. लिवनारी मानसं समदी एकच." मग ती जरा सावरली. "आन दुखण्याला नावाचं काय वो? ताप आला म्हंजे ताप आला. नाव काय बी आसंना."

"धुळा केवढा हाय?"

"चार. चार पुरं न्हाईत अजून. यंदा जत्रंला पुरं व्हत्याल."

हिशेब बनूनं मागितला नव्हता. तो आपोआप आला. चारात बारा, सोळा. सोळात चार. पाव. विसातले पाच. पाचाच्या जागी आठ. रोज. आणि ते साठत जातं.

"काय झालं बाई? तुमचं त्वांड का असं झालं?"

"काही न्हाई," बनू म्हणाली. "काही न्हाई अक्का. त्याला उठू देऊ नका फक्त. आडवाच ठेवा."

एस्तरबाईंनी ऐकलं आणि त्या औषधांच्या कपाटापाशी स्टुलावर बसल्या. बनूनं त्यांना कामाच्या वेळी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग त्या उठून डॉक्टरांना घेऊन आल्या. डॉक्टरांनी पोराच्या छातीला नळी लावली आणि ती बराच वेळ तिथंच धरून ठेवली. पोरगं नळीला हात लावून खेळू बघत होतं. डॉक्टरांनी दोन बोटांनी त्याचा ओठ वर केला, दात बघितले, ओठ सोडला आणि बाहेर व्हरांड्यात गेले.

"सुया बंद," ते म्हणाले. "ह्याला उतारा नाही. गेलेलं औषध अंगातून निघायला फार दिवस लागतात. त्याला हलवू नका, बसतं करू नका, रडू देऊ नका. हृदय सावरलं तर सावरलं."

"आईला सांगायचं?" बनूनं विचारलं.

"काय सांगणार आहेस?" डॉक्टरांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मीही बघायला हवं होतं. आल्या दिवशीच बघायला हवं होतं. आधी पोर वाचू दे."

असं ठरलं. म्हणजे ठरलं असं काहीच नाही. कुणी सांगितलं नाही, एवढंच.

आणि पोर तर बरं होऊ लागलं! ते सगळ्यात कठीण होतं. आव गेली होती. पोट बसलं होतं. धुळा भाकरी मागायचा, ताक मागायचा, बनूचा पदर ओढायचा. आता त्याला धुळा म्हणून हाक मारली की मान वळवून बघायचा. बनू कामावरून सुटली तरी त्याच्यापाशीच बसायची. पडून राहावं म्हणून त्याला बोलत ठेवायची. तो तिला मेंढरांची नावं सांगायचा. त्यांच्यात एक कानतुटकी होती, ती त्याची. बोलता बोलता बनूचं बोट त्याच्या मनगटावर असायचं. नाडी मध्येच अडखळायची, जशी काय ठेच लागली, आणि पुन्हा पळत सुटायची.

हरणाबाईला यातलं काही कळत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की ज्या सुईनं पोर उठलं ती सुई बंद झाली, आणि ती बंद झाली कधी, तर तिचं खोटं उघडं पडलं त्याच दिवशी. तिनं दोहोंची सांगड घातली. दुसऱ्या दिवशी तिनं बनूला दारात अडवलं.

"बाई, माज्यावर राग काडा. लेकरावर नगं. खोटं म्या बोलले, त्यानं काय केलंय? त्याला सुई द्या की वो."

"राग न्हाई अक्का. सुईची गरज न्हाई आता."

"मग त्याला उठू का देत न्हाईसा? बरा हाय की त्यो. बांदल्यावानी का ठिवलाय?"

बनूच्या जिभेवर सगळं आलं होतं. वय, बारा, बेरीज, हिस्सा. मेंढराच्या मागं जन्म काढलेल्या ह्या बाईला ते कळलं नसतं असं नव्हे. पटकन कळलं असतं. तीच तर भीती होती. पोरगं डोळ्यांदेखत हसतंय आणि तिला सांगायचं, की तू सांगितलेल्या आठामुळं ह्याचं काळीज दुबळं झालंय?

"डॉक्टरसाहेबांनी सांगितलंय," बनू म्हणाली. "ऐका माझं. उठवू नका."

हरणाबाईनं मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. ही शिक्षाच आहे, हे तिच्या डोळ्यांत तसंच होतं.

त्या दुपारी वॉर्डात झोप पसरली होती. बनूला एस्तरबाईंनी भांडी उकळायला आत बोलावलं. स्टोव्हचा आवाज चालू होता, त्यामुळं रस्त्यावरचा गलका तिला उशिरा ऐकू आला. कुणाची तरी मेंढरं नदीकाठच्या रानात बसवायला चालली होती. घंट्या, कुत्री, "हुर्र हुर्र" अशा आरोळ्या. धुळ्यानं ते तिच्या आधी ऐकलं असणार.

पुढं हरणाबाईनंच ते सगळं सांगितलं, पुन्हा पुन्हा, जो समोर येईल त्याला. पोरगं म्हणालं, आमची मेंढरं. ती म्हणाली, आपली न्हवं रं, दुसऱ्याची हायती. ते ऐकेना. रडू लागलं. रडू द्यायचं नाही असंही नर्सबाईनं सांगितलं होतं. मग ती म्हणाली, चल, दारातनं बघ आन ये. तिनं त्याला खाटेवरून उतरवून उभं केलं, जरा हात धरला. पोरानं हात सोडवून घेतला आणि व्हरांड्याकडं पळत सुटलं. "बाई, कसं पळालं! जनावराच्या पिल्लावानी पळालं."

उंबऱ्याशी ते थांबलं. एका हातानं चौकट धरली. मग खाली बसलं, आणि बसल्या जागी आडवं झालं.

हरणाबाईची किंकाळी ऐकून बनू धावली. तिनं मनगट धरलं. मान धरली. छातीला कान लावला. मेंढरं अजून जातच होती. धुळीचा लोट व्हरांड्यात आला होता. डॉक्टर आले, त्यांनी काहीतरी टोचलं, छाती चोळली. मग त्यांनी पोराचे डोळे मिटले.

हरणाबाई आधी रडलीच नाही. ती बनूकडं बघून म्हणाली, "तुमी सांगितलं व्हतं. उठवू नगं म्हनून. म्या उठीवला." मग तिनं दोन्ही मुठी छातीवर मारून घ्यायला सुरुवात केली. "तुमी सांगितलं व्हतं! म्या मारला माज्या लेकराला! म्या मारला!"

बनूनं तिचे हात धरले. "न्हाई अक्का. न्हाई. त्यानं न्हाई गेला."

"मग कशानं?"

एवढाच प्रश्न होता. वॉर्डातल्या साऱ्या बाया गोळा झाल्या होत्या आणि बनूच्या तोंडाकडं बघत होत्या. बनूनं तोंड उघडलं. तेवढ्यात एस्तरबाईंचा हात तिच्या दंडावर पडला, घट्ट, आणि त्यांनी तिला कपड्यांच्या खोलीत ओढून नेलं.

"मला सांगू द्या," बनू म्हणाली. तिला आता रडू आवरेना. "ती म्हणतीया उठवला म्हणून गेला. जन्मभर म्हणंल. तिचा काय गुन्हा त्यात? का उठवायचं नाही, ते आपण सांगितलंच नाही. मी सांगितलं नाही."

"आणि खरं सांगशील तर काय म्हणेल जन्मभर?"

बनूनं पदरानं तोंड पुसलं.

"तुझं ओझं तुला जड झालंय," एस्तरबाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे ओले होते, पण आवाज फळ्यापुढचा होता. "ते हलकं करायला तिच्या डोक्यावर देऊ नकोस. हिशेब तुझा होता, ताळा माझा होता, सही डॉक्टरांची होती. तिचं काय होतं? भुकेचं खोटं. तिला उठवल्याचं दुःख राहू दे. ते त्यातल्या त्यात लहान आहे."

बनूला ते पटलं नाही, आणि त्याच्यावर दुसरं काही सुचलंही नाही. दोन दुःखांतलं कुठलं लहान, हे कुठल्या नियमानं काढायचं? ती धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर तोंड दाबून बसून राहिली.

हरणाबाईचा नवरा बिराप्पा मेंढरं घेऊन आष्ट्याच्या अंगाला गेला होता. त्याला निरोप गेला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. लांब, वाळलेला माणूस, खांद्यावर घोंगडं. त्यानं पोराला त्याच घोंगड्यात घेतलं आणि नदीकाठी नेऊन पुरलं. दवाखान्याचा गडी आकाराम खड्डा खणायला बरोबर गेला होता. तो सांगत होता, बापानं सगळी माती हातानंच लोटली. माती लोटून झाल्यावर वर काटेरी झुडपं तोडून टाकली, कोल्ह्याकुत्र्यांसाठी, आणि हात धुतले.

परत आल्यावर हरणाबाई बोचकं बांधत असताना बिराप्पा व्हरांड्यात बनूपाशी आला. त्यानं मुंडासं काढून हातात घेतलं होतं.

"बाई, तुमीच सुया देत व्हतासा न्हवं?"

"व्हय."

"एक इचारू का? राग मानू नगासा." तो खाली बघूनच बोलत होता. "मेंढराला दवा द्याची तर आमी बी अंगाकडं बघून देतो. कोकराला येगळी, बकऱ्याला येगळी. तर आमी ह्याला आठ सांगितलं... त्यानं काय झालं का?"

बनूनं त्याच्याकडं बघितलं. त्याला माहीत होतं. वाटेनं चालत येताना, पोराला खाली ठेवताना, कधीतरी त्यानं ते जुळवलं होतं. त्याला फक्त कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, किंवा ऐकायचं नव्हतं. कुठलं, ते त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं.

"न्हाई," बनू म्हणाली. "त्यानं काही झालं न्हाई."

मग त्यानं मुंडासं हळूहळू डोक्याला गुंडाळलं.

"म्याच शिकिवलं व्हतं तिला, आठ सांग म्हनून," तो म्हणाला. "तिनं कवा इचारलं, तर तिला बी असंच सांगा."

त्याच्या बोलण्यात राग असता तर बनूला सोसलं असतं. तो तिला एक काम सोपवून जात होता. दोघं निघाली. हरणाबाई फाटकाशी थांबली, मागं वळली आणि तिनं लांबूनच बनूला हात जोडले. तुमचं ऐकलं नाही, म्हणून. बनू खांबाला धरून उभी होती. तिनंही हात जोडले.

एस्तरबाईंनी तिला दोन दिवस वॉर्डात घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी माणसं कमी पडली म्हणून घ्यावं लागलं. एक बाई पोरगी घेऊन आली होती, तापानं फणफणलेली. बनूनं पोरीला खाटेवर निजवलं, नाव विचारलं. पुढचं विचारायचं होतं ते तिच्या तोंडातून बाहेर पडेना. ती बाई वाट बघत होती. बनूनं पुन्हा तोंड उघडलं. तिला दिसत होतं, ही बाई एक आकडा सांगणार, आणि त्या आकड्यावर सगळं उभं राहणार. एस्तरबाई पुढं झाल्या, त्यांनीच वय विचारलं, त्यांनीच हिशेब केला. बनू पिचकारी धुवायला गेली ती तिथंच उभी राहिली.

महिनाभर तिनं रेटलं. वर्गात हिशेब बरोबर यायचे. खाटेपाशी उभी राहिली की पिचकारी दुसरीच्या हातात द्यायची. डॉक्टरांनी बोलावून समजावलं, एस्तरबाईंनी समजावलं. शेवटी परीक्षेच्या आधीच तिनं ट्रंक बांधली आणि रहिमतपूरची गाडी धरली.

स्टेशनावर कृष्णात आला होता. लढाई संपून तो कायमचा घरी आला होता. ट्रंक डोक्यावर घेऊन तो पुढं चालत होता. मग न राहवून म्हणाला, "वयनी, जमलं न्हाई का?"

"न्हाई जमलं."

"काय आवगड व्हतं?"

बनू पायाखालची वाट बघत चालत राहिली. त्यानं पुन्हा विचारलं नाही. पलटणीतल्या माणसाला न विचारायची सवय असते.

गावात मात्र ती नर्सबाई झाली होती. सांगलीहून शिकून आली, एवढंच लोकांना माहीत. पहिल्याच आठवड्यात शेजारची धोंडुबाई नातवाला घेऊन दारात आली. पोराला हगवण लागली होती. "बने, जरा हात लावून बघ गं. काय पाजू, केवढं पाजू, सांग." मनुबाई भिंतीशी बसली होती, तिनं सुनेला आत हाक मारली. पुन्हा मारली.

बनू माजघरात अंधारात जात्यापाशी बसली होती. पोराचं कण्हणं तिला ऐकू येत होतं. तिनं गुडघ्यांत डोकं घातलं आणि दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. धोंडुबाई बराच वेळ उंबऱ्याशी उभी होती. मग "काय शिकून आली कुनास ठावं," असं पुटपुटत ती पोराला खांद्यावर टाकून निघून गेली.